पाण्याच्या जारवरचा धोका

पैज लागली ती सलूनवाल्याच्या मिशीवर.

मिशी साधीसुधी नव्हती. दोन्ही टोकांना पीळ, वर तेलाची चमक, आणि मागे मालकाचा सगळा गर्व. गिऱ्हाइकं दाढी करून घेताना आरशात स्वतःपेक्षा त्या मिशीकडेच जास्त बघायची. ती उतरवायची हौस आळीत एकाच माणसाला होती. शेजारचे बादलीशेठ. झाडू, ब्रश, साबण, ॲसिड असलं सगळं विकायचं दुकान त्यांचं. दारात रंगीत बादल्यांच्या माळा लटकलेल्या, म्हणून ते बादलीशेठ. धंद्यापेक्षा खोड्या काढण्यात त्यांचा जीव जास्त. एकदा त्यांनी समोरच्या बाकाला 'रंग ओला आहे' अशी पाटी अडकवली आणि म्हातारी मंडळी कित्येक दिवस बाकासमोर उभी राहून गप्पा मारत होती. त्या बाकानं रंगाचं तोंड वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं.

"काल तो तपासणीवाला साहेब येऊन गेला ना," त्या सकाळी बादलीशेठ सलूनच्या पायरीवर टेकत म्हणाले, "माझं डोकं खाऊन गेला. ह्या डब्याला लेबल का नाही, त्या डब्याला लेबल का नाही. अरे, लेबल वाचतं कोण? एक माणूस दाखव मला. एक!"

"मी वाचतो," सलूनवाला म्हणाला. "शांपूच्या बाटल्या मला तोंडपाठ आहेत."

"तुझ्याकडे गिऱ्हाईक नसतं, दुसरं करणार काय तू?"

"आणि तुमच्या ओल्या रंगाचं काय? वाचूनच उभे राहिले ना सगळे?"

"ती पाटी. पाटी हातभर असते. लेबल म्हणजे मुंग्यांची रांग. लाव पैज! धोक्याचं लेबल आणून तुझ्या पाण्याच्या जारवर चिकटवतो. जेवायच्या वेळेपर्यंत एकानं जरी विचारलं, 'अहो, हे काय?', तर मी हरलो. तुझ्या स्टुलावर उभा राहून, भर आळीत, ते लेबल पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून दाखवीन."

"बारीक अक्षरांसकट?"

"बारीक अक्षरांसकट. आणि कुणीच नाही वाचलं, तर त्याच स्टुलावर बसून तू आपल्या हातानं मिशी उतरवायचीस."

सलूनवाल्यानं एकदा मिशीवरून हात फिरवला. मग त्याच हातानं टाळी दिली.

मित्रांनो, ते लेबल म्हणजे मी.

आता मी जुना झालोय. मधोमध फाटलोय, चिकटपट्टीनं जोडलेला आहे, लाल रंग उडून गुलाबी झालाय. पण तेव्हा माझा रुबाब बघायला हवा होता. ॲसिडच्या पांढऱ्या कॅनच्या पोटावर मी असा बसायचो, जसा दारावरचा पहारेकरी. डोक्यावर ठळक शब्द, 'धोका'. त्याखाली एका टोकावर उभा असलेला चौकोन, लाल काठाचा. चौकोनात एक हात, हातावर पडणारा थेंब, आणि थेंब पडला तिथे हाताला पडलेलं भोक. त्याखाली मजकूर.

माझा कागद छापखान्यातला. पण माझे शब्द त्याआधीच जन्मले होते, एका सरकारी खोलीत, आणि चक्क भांडणातून. कायदाच तसा आहे. रसायन विकायचं तर आधी सरकारला सांगायचं की आत काय काय आहे आणि ते माणसाचं काय काय करू शकतं. मग ते किती वाईट, हे ठरतं. मग त्याला नोंदणीचा नंबर मिळतो, सहजासहजी न उघडणारं झाकण मिळतं आणि मी मिळतो. लोक बोलतात त्या भाषेत, बसल्या जागेवरून दिसेल एवढ्या अक्षरात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्र.

त्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला कंपनीचा माणूस होता आणि दुसऱ्या बाजूला एक अधिकारीबाई.

"मॅडम, 'धोका' लिहिलं तर माल कोण उचलेल?" कंपनीवाला म्हणाला. "'सावधान' लिहूया. सावधान कसं, जरा घरगुती वाटतं."

"हे डोळ्यात उडालं तर डोळा जातो का हो?"

"तसा... जाऊ शकतो."

"मग 'धोका'. पुढचं बोला."

प्रत्येक ओळीवर अशीच झटापट झाली. बाई एका जागी मात्र हरल्या. कंपनीला ॲसिडमध्ये लिंबाचा वास घालायचा होता. "असल्या वस्तूला साबणाचा वास कशाला?" असं बाई परोपरीनं विचारत होत्या. पण नियमात वासाबद्दल काही लिहिलेलंच नव्हतं. लिंबू राहिलं. बाईंनी मग रागानं माझ्या तळाला आणखी तीन ओळी घातल्या. त्या मी तुम्हाला शेवटी सांगतो, कारण त्या मला स्वतःला आता वाचवत नाहीत.

तर असा मी, बादलीशेठच्या दुकानातून जिन्याखालच्या कोनाड्यात आलो. दुकानांच्या वर तीन मजले होते आणि त्यांचा जिना मावशी धुवायच्या. मावशींचा आवाज म्हणजे काय सांगू! तळाशी उभ्या राहून त्या हाक द्यायच्या, "चपला उचला गं बायांनो, पाणी सोडतेय!" की तिसऱ्या मजल्यावरच्याच काय, समोरच्या दवाखान्यातल्या रांगेतलेही पाय वर घ्यायचे. आळीतली पोरं गजरावर नाही, मावशींवर उठायची.

कोनाड्यात दोन सारखेच पांढरे कॅन होते. एक माझा, ॲसिडचा. दुसऱ्यात लादीचं साबणपाणी. बादलीशेठ ते मोठ्या पिंपातून सुटं भरून द्यायचे, त्यामुळे त्याला लेबलच नव्हतं. तपासणीवाल्या साहेबांनी त्यावरूनच त्यांना झापलं होतं. साबणालाही वास लिंबाचाच. मावशींना वाचता येत नव्हतं. मग त्यांनी आपली साधी सोय करून घेतली होती. चित्र असलं की ॲसिड, चित्र नसलं की साबण.

रोज सकाळी त्या कोनाड्यात वाकायच्या, माझ्या चित्रावर बोट टेकवायच्या आणि म्हणायच्या, "काय रे हात खाणाऱ्या, बरा आहेस ना? बस तिथंच." आणि शेजारचा कॅन उचलायच्या.

आळीत माझ्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस होतं.

पैजेच्या सकाळी जिना धुवून मावशी निघून गेल्या होत्या. बादलीशेठ कोनाड्यात आले. दुकानात नवे कॅन ढीगभर होते, पण विकायच्या कॅनचं लेबल काढलं आणि साहेब पुन्हा टपकले तर पंचाईत. हा कॅन काय, उघडलेला, अर्धा वापरलेला. शिवाय ओलीमुळे माझा एक कोपरा सुटलाच होता. त्यांनी नख घातलं आणि अलगद ओढलं.

"जेवायच्या आधी परत लावतो रे बाबा," ते मला म्हणाले. खरंच म्हणाले. मनानं वाईट नाहीत ते.

माझ्या जागी कॅनच्या पोटावर डिंकाचा फिक्कट चौकोन उरला. मी पाहिला. पण मित्रांनो, खरं सांगू? मला तेव्हा गंमतच वाटत होती. कोनाड्याच्या अंधारातून सुटका! सलूनमध्ये आरसे होते, रेडिओ होता, माणसं होती. पाण्याच्या जारच्या गोल गार पोटावर मला चिकटवलं तेव्हा मला वाटलं, आता कळेल सगळ्यांना आपण कोण ते.

कुणाला काय कळलं? पहिला आला बँकेचा पहारेकरी. त्यानं माझ्या नाकासमोर पेला धरला, गटागट पाणी प्यायलं आणि माझ्यावर ढेकर दिली. मग एक मास्तर आले. त्यांनी भिंतीवरच्या दरपत्रकातली शुद्धलेखनाची चूक काढली आणि दोन पेले पाणी पिऊन गेले. एका नवरदेवानं ओला टॉवेल माझ्या तोंडावरच टाकला. सलूनवाल्यानं तो घाईघाईनं उचलला, तर बादलीशेठ ओरडले, "ए, मदत नाही करायची! बोट दाखवायचं नाही, खोकायचं नाही, डोळा मारायचा नाही!"

"मी टॉवेल वाळत घालतोय."

"मिशी थरथरतेय तुझी. बघ, तिला कळलंय."

मी धोका, धोका म्हणून ओरडत होतो आणि माणसं माझ्या तोंडासमोर पाणी पीत होती. बरं, पाणी शुद्ध होतं. म्हणजे मी खोटंही बोलत होतो. आजवर एकदाही खोटं न बोललेला मी, त्या सकाळी गार पाण्याच्या पोटावर बसून धडधडीत खोटं बोलत होतो. हळूहळू गंमत ओसरली. मला तो डिंकाचा चौकोन आठवायला लागला.

जेवायची वेळ झाली. बादलीशेठनी स्टूल ओढून दारात ठेवलं. "या हो या! मिशीचा शेवटचा दिवस बघायला या!" दोन-चार माणसं जमली. सलूनवाल्यानं वस्तरा काढला, आरशासमोर उभा राहिला आणि मिशीकडे असं बघायला लागला, जशी ती परगावी निघालीय.

तेवढ्यात जिन्यामागून खोकला ऐकू आला.

साधा खोकला नव्हता तो. कुणीतरी श्वास ओढतंय आणि श्वास आत येत नाहीये, असा.

झालं होतं असं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मावशींना परत बोलावलं होतं. जिन्यामागची मोरी तुंबली होती. मोरी म्हणजे खिडकी नसलेली एवढीशी जागा. मावशींनी बादलीत ब्लीचिंग पावडर कालवली. मग घासायला साबण हवा म्हणून कोनाड्यात वाकल्या. हाताला जो कॅन आला, त्यावर चित्र नव्हतं. वास लिंबाचा. त्यांनी तो बादलीत ओतला.

ब्लीचिंग पावडरमध्ये ॲसिड पडलं की जो वायू निघतो, तो छातीत आग लावतो. हे माझ्या अंगावर चौथ्या ओळीत लिहिलेलं आहे. मी तेव्हा जारवर होतो.

सलूनवाला वस्तरा टाकून धावला. त्यानं तोंडाला टॉवेल बांधला आणि मावशींना काखेत हात घालून बाहेर आणलं. सलूनच्या बाकावर, बरोबर माझ्या खाली, त्यांना बसवलं. डोळे लाल, ओठ निळसर, छाती भात्यासारखी वरखाली. समोरच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाई पळत आल्या.

"कशात काय मिसळलं? लवकर सांगा!"

कुणीतरी कॅन आणला. डॉक्टरीणबाईंनी तो फिरवून पाहिला. चारी बाजूंनी पांढरा. "यात काय आहे?"

"साबण असणार," सलूनवाला म्हणाला. "चित्र नाहीये ना. मावशी चित्र बघूनच घेतात."

मावशींनी मान हलवली. बोलायला गेल्या, तर नुसती हवा बाहेर आली. त्यांनी हवेत बोटानं एक चौकोन काढला, टोकावर उभा, आणि हात हलवून सांगितलं, नव्हता. नव्हता तो.

बादलीशेठ स्टुलाशेजारी उभे होते. त्यांची नजर माझ्यावर आली. मी त्यांच्याकडे बघत होतो. मित्रांनो, तो क्षण मला विसरता येत नाही. ते एक शब्द बोलले की सगळ्या आळीला कळणार होतं. नाही बोलले तर डॉक्टरीणबाई साबण समजून चालणार होत्या. शेठच्या चेहऱ्यावर मला आधी भीती दिसली, मग एखादी थाप शोधणारी जुनी सवय दिसली. थाप सापडलीही असती. त्या कामात ते हुशार होतेच.

"ॲसिड आहे," ते म्हणाले. "लेबल मी काढलं. ते... ते तिकडे आहे. पाण्यावर."

सगळ्यांच्या माना वळल्या. सकाळपासून मला ज्यांनी पाहिलं नव्हतं, ते सगळे आता मलाच बघत होते. मला वाटलं, गळून खाली पडावं.

बादलीशेठनी मला ओढलं. एकाच हिसक्यात मी मधोमध टर्रकन फाटलो. दोन्ही तुकडे डॉक्टरीणबाईंच्या हातात गेले. त्यांनी माझ्या तळाचा नंबर फिरवला. नंबर विषबाधेच्या माहिती केंद्राचा. पलीकडच्या माणसानं माझा नोंदणीचा नंबर विचारला आणि ॲसिडची जात, जोर, सगळं घडाघडा सांगितलं. काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, तेही. त्या सरकारी खोलीत अधिकारीबाईंनी भांडून घेतलेली एकेक ओळ तेव्हा कामाला आली. फक्त ती यायला हवी होती त्याच्या आधी.

रुग्णवाहिका मावशींना घेऊन गेली.

त्यानंतर आळीत सकाळी हाक आली नाही. पोरांना शाळेला उशीर व्हायला लागला. जिना धुवायला मावशींची मोठी लेक यायची. ती कुणाशी बोलायची नाही. फक्त काम सुरू करण्याआधी कोनाड्यातला एकेक डबा बाहेर काढायची, बादलीशेठच्या समोर धरायची आणि विचारायची, "काका, हे काय आहे?"

"साबण."

"हे?"

"ब्लीचिंग पावडर."

"नक्की ना?"

पहिल्या दिवशी बादलीशेठनी सगळ्या डब्यांना लेबलं लावली. पिंपाला, सुट्या कॅनना, रॉकेलच्या बाटलीला, अगदी पाण्याच्या तांब्यालाही. तरी ती विचारायचीच. "काका, हे काय आहे?" ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटत असणार. ते खाली मान घालून उत्तर द्यायचे.

तपासणीवाले साहेब आले, पंचनामा झाला, दुकान काही काळ बंद राहिलं. बंद दुकानातही ते रोज येऊन बसायचे. माझे दोन तुकडे त्यांनी डॉक्टरीणबाईंकडून मागून आणले होते. ते जोडायचे, चिकटपट्टी लावायचे, वाकडं झालं की सोडवून पुन्हा लावायचे. एकही खोडी नाही, एकही विनोद नाही. समोरच्या बाकावर खरोखरचा ओला रंग लावला तेव्हाही त्यांनी पाटी लावायच्या आधी दोनदा विचार केला.

"शेठ," सलूनवाला एकदा म्हणाला, "ते मिशीचं राहिलंय. जेवायच्या वेळेपर्यंत कुणीच वाचलं नव्हतं. म्हणजे हरलो मी. उतरवतो. तेवढंच तुम्हाला बरं वाटेल."

"हात नको लावूस तिला," बादलीशेठ म्हणाले. "मी काय म्हणालो होतो? लेबल वाचणारा एक माणूस दाखव. मावशींनी वाचलं होतं की. रोज वाचायच्या. त्या दिवशीही बघितलं. नव्हतं, म्हणून विश्वास ठेवला." त्यांनी माझ्यावरची चिकटपट्टी बोटानं दाबली. "आख्ख्या आळीत वाचणारं एकच माणूस होतं रे. आणि मी नेमकं त्याच्याच समोरून काढलं."

मावशी परत आल्या त्या दिवशी आळी दारात उभी होती. त्या बारीक झाल्या होत्या. दोन पायऱ्या चढल्या की थांबायच्या. आवाज म्हणाल तर खरवडल्यासारखा, समोरच्याला जेमतेम कळेल एवढा. लेकीनं त्यांना सलूनच्या बाकावर बसवलं.

बादलीशेठनी स्टूल आणलं. आळीच्या मधोमध ठेवलं. कुणी बोलावलं नव्हतं तरी माणसं जमली. बँकेचा पहारेकरी होता, मास्तर होते, डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या दारात आल्या. सलूनवाला मिशीसकट हजर होता, पण मिशीला आज पीळ नव्हता.

बादलीशेठ स्टुलावर चढले. मला दोन्ही हातांत धरलं. त्यांच्या तळव्यांचा घाम मला लागत होता.

"धोका," त्यांनी वाचलं. कुणीतरी पाठीमागे हसलं, जुन्या सवयीनं. मग गप्प झालं. "कातडी भाजते. डोळ्यांना कायमची इजा होते. हातमोजे घालून वापरा. ब्लीचिंग पावडर किंवा दुसऱ्या कुठल्याही वस्तूत मिसळू नका. विषारी वायू निघतो." आवाज खाली खाली जात होता. मोठी अक्षरं संपली. बारीक सुरू झाली. अधिकारीबाईंच्या त्या शेवटच्या तीन ओळी.

"मूळ डब्यातच ठेवा. दुसऱ्या डब्यात ओतलंत तर त्यालाही असंच लेबल लावा. हे लेबल..." ते अडकले. "हे लेबल काढू नका," ते कसेबसे पुटपुटले.



मित्रांनो, तोवर मला पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणी वाचलंच नव्हतं. मी नेहमी म्हणायचो, एकदा तरी कुणी वाचावं. असं वाचलं जावं, ही माझी इच्छा नव्हती. तुमच्या घरात, मोरीत, कपाटाच्या खालच्या फळीवर माझी भावंडं चिकटलेली असतील. त्यांना राहू द्या तिथंच. बघताना कंटाळा आला तरी बघा. त्यांच्याकडे बघूनच एखादं माणूस आपला हात पुढे करत असतं.

बाकावरून काहीतरी आवाज आला. मावशी उठून उभ्या राहायला बघत होत्या. लेक त्यांना खाली बसवत होती, पण त्या ऐकेनात. बादलीशेठ स्टुलावरून उतरायला लागले, तसा मावशींनी हात वर केला.

"उतरू नका," त्या म्हणाल्या. नळात हवा भरल्यासारखा आवाज. पण आळी इतकी शांत होती की सगळ्यांना कळलं. "शेवटचं ऐकू नाही आलं."

"मावशी, मी..."

"तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलं पाहिजे," मावशी म्हणाल्या. "आता माझा नाही जात. तुमचा जातो. वाचा."

बादलीशेठनी मला पुन्हा डोळ्यांसमोर धरलं. छाती भरून श्वास घेतला आणि इतक्या मोठ्यानं ओरडले की वरच्या खिडक्या उघडल्या आणि दवाखान्याच्या रांगेतल्या लोकांनी आपोआप पाय वर घेतले.

"हे लेबल काढू नका!"